मारणारा लक्षात, मरणारा विसरलेला

पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा विषय निघाला की साठीच्या पुढचा कुणीही पुणेकर पहिले नाव घेतो ते जक्कलचे. मग सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा. कलामहाविद्यालयात शिकणाऱ्या या तरुणांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचा जीव घेतला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी झाली. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी मारणाऱ्यांची नावे लोकांना तोंडपाठ आहेत.

आता मेलेल्यांची नावे विचारून पाहा. जोशी आणि अभ्यंकर ही दोन आडनावे येतील आणि गाडी तिथेच थांबेल. पहिला बळी प्रकाश हेगडे हा त्यांच्याच महाविद्यालयातला मुलगा होता. शेवटचा अनिल गोखले. अभ्यंकरांच्या बंगल्यात त्या रात्री पाच जण गेले. ८८ वर्षांचे संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री, त्यांच्या पत्नी, एक नातू, एक नात आणि पाचव्या सकूबाई वाघ. त्या या घरी कामाला होत्या. खटल्याच्या प्रचलित नावात हेगडे नाहीत, गोखले नाहीत आणि सकूबाईही नाहीत.

या प्रकरणावरचे मराठीत सर्वांत गाजलेले पुस्तक कुणाचे? चार आरोपींपैकी एकाचे. मुनव्वर शहा यांनी तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय ॲम गिल्टी’ हजारो मराठी घरांत वाचले गेले. त्यात कबुली आहे, आणि ते वाचून एखादा वाट चुकलेला मुलगा भानावर आला असेल तर चांगलेच झाले. पण खुन्याच्या आत्मकथनात आयुष्य असते ते खुन्याचे. मेलेल्या माणसाच्या वाट्याला तिथे फक्त त्याची शेवटची रात्र येते. १९८६ साली याच घटनांवर ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. पडद्यावरही लोक बघायला गेले ते मारणाऱ्यांनाच.

खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तके, मालिका आणि मोबाईलवरच्या गोष्टी आज आपल्या घराघरांत शिरल्या आहेत. स्वयंपाक करताना त्या कानावर पडतात, मुले रात्री पांघरुणात त्या पाहतात. त्या वाचूच नका, असे आम्ही म्हणत नाही. मेलेल्या माणसाशी आणि त्याच्या मागे राहिलेल्यांशी ही पुस्तके कशी वागतात, एवढेच आम्हाला वाचकांपुढे ठेवायचे आहे.

नाव एकदा चिकटले की

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. पण त्याला ‘जॅक द रिपर’ हे टोपणनाव मिळाले आणि ‘तो कोण असेल’ या एकाच प्रश्नावर पुस्तकांचे ढीग रचले गेले. त्या पाच जणींबद्दल मात्र एकच वाक्य वर्षानुवर्षे छापले गेले, की त्या वेश्या होत्या.

हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ मध्ये ‘द फाइव्ह’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी जुनी कागदपत्रे तपासली आणि पाचांपैकी तिघी वेश्या असल्याचा काही पुरावाच नाही, असे मांडले. पॉली निकोल्स ही लोहारकाम करणाऱ्याची मुलगी, पाच लेकरांची आई. संसार मोडला आणि ती रस्त्यावर आली. मेली त्या रात्री मुक्कामाच्या खाटेसाठी लागणारे चार पेन्स तिच्याजवळ नव्हते. ॲनी चॅपमनचा नवरा घोडागाडी हाकायचा. दारूने तिचे घर गेले. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनमधल्या शेतकऱ्याची मुलगी होती. रुबेनहोल्ड यांनी खून कसे झाले याचे वर्णन पुस्तकात मुद्दाम टाळले. या बायका कशा मेल्या हे जगाला आधीच माहीत होते, त्या कशा जगल्या हे कुणी सांगितले नव्हते. त्या वर्षीचा बेली गिफर्ड पुरस्कार या पुस्तकाला मिळाला.

एका खोट्या शब्दाचा डाग निघायला एकशे तीस वर्षे लागली. तोवर त्यांची मुले आणि नातवंडे तो डाग घेऊनच मेली.

आपल्याकडेही असेच घडले. मे २००८ मध्ये नोएडात तेरा वर्षांची आरुषी तलवार घरात मृत सापडली. घरातला नेपाळी नोकर हेमराज दिसेना, म्हणून पहिल्याच दिवशी पोलिसांनी त्याला संशयित ठरवले. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह मिळाला. म्हणजे ज्याला खुनी म्हणून शोधत होते, तो केव्हाच मेला होता. पुढे मुलीच्या चारित्र्यावर देशभर चर्चा झाली. खटल्यात तिच्या आईवडिलांना शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. या प्रकरणावर पुस्तक आले, चित्रपट आले. पण लोकांच्या बोलण्यात ते आजही ‘आरुषी प्रकरण’च आहे. सकूबाईंसारखाच हेमराजही नावात मावला नाही. गरीब घरचा माणूस मेल्यावरही मागच्या दारानेच जातो.

मागे राहिलेल्यांना कोण विचारतो?

या प्रकारच्या लेखनाचा आदर्श म्हणून ट्रूमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’चे नाव घेतात. नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात हर्ब क्लटर हा शेतकरी, त्याची पत्नी बॉनी आणि घरातली दोन मुले, नॅन्सी व केन्यन, यांचा खून झाला. दोन मोठ्या मुली तेव्हा घरी राहत नव्हत्या, म्हणून वाचल्या. कपोटींनी तुरुंगात जाऊन खुन्यांच्या भेटी घेतल्या, त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. १९६५ मध्ये खुन्यांना फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक निघाले. त्याने कपोटींना पैसा आणि कीर्ती दोन्ही दिली.

त्या पुस्तकात बॉनी ही खचलेली, अंथरुणाला खिळलेली बाई आहे. तिला ओळखणाऱ्या जवळच्या माणसांना हे चित्र पटले नाही. शेवटचा कबरस्तानातला प्रसंग तर लेखकाने कल्पनेने रचला होता. आपल्या आईचे असे चित्र जगभर वाचले जाते आणि ते पुसायला आपल्या हाती काही नाही, ही त्या दोन मुलींची अवस्था डोळ्यांपुढे आणून पाहा.

खुन्याने आपल्या गुन्ह्यावर कमाई करू नये म्हणून न्यूयॉर्क राज्याने १९७७ मध्ये कायदा केला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द ठरवला. नंतर ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध खेळाडूचे प्रकरण आले. १९९४ मध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल आणि रॉन गोल्डमन हा तरुण यांचा खून झाला. फौजदारी खटल्यात तो सुटला, पण दिवाणी न्यायालयाने त्याला जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. २००६ मध्ये त्याचे ‘मी हे केले असते तर’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक येणार होते. लोक संतापले आणि प्रकाशकाने ते मागे घेतले. भरपाई थकलेलीच होती, म्हणून पुढच्या वर्षी न्यायालयामार्फत त्या पुस्तकाचे हक्क गोल्डमन कुटुंबाला मिळाले. त्यांनी ते छापले, पण मुखपृष्ठावरचा ‘तर’ दिसू नये इतका बारीक केला. निकोलच्या बहिणीचा मात्र छापण्यालाच विरोध होता. दोन्ही घरांचे दुःख सारखेच होते. एका घराला बोलावेसे वाटले, दुसऱ्याला नको वाटले. लेखकाने दोघांचेही ऐकायला हवे.

पुरसा देण्याची रीत

आपल्यात मय्यत झालेल्या घरी शेजारून जेवण जाते. पुरसा द्यायला गेलेला माणूस गप्प बसतो, मगफिरतीची दुआ करतो आणि उठतो. ‘कसे झाले, रक्त किती गेले’ असे तो विधवेला विचारत नाही. गेलेल्याचे वाईट बोलू नये, हे लहानपणीच शिकवले जाते. गीबतीला तर कुरआनने मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. शरीयतमध्ये खून झाला तर मयताच्या वारसांना विचारल्याशिवाय माफीचा निर्णय होत नाही. म्हणजे न्यायाच्या केंद्रस्थानी ते घर आहे. हीच रीत पुस्तक उघडताना आपण का सोडतो?

आणखी एक सवय आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. खुनाची बातमी आली की आधी आरोपीचे आडनाव पाहून त्याची जात-धर्म शोधतात आणि सगळी चर्चा तिकडेच वाहत जाते. आपण स्वतः या चर्चेचे चटके सोसतो. मग निदान आपल्या घरात तरी बोलणे मयतापासून सुरू व्हावे.

घरात असे पुस्तक किंवा मालिका आली तर तीन गोष्टी पाहाव्यात. मेलेला माणूस मरण्याच्या आधी त्यात किती जगतो? त्याच्या घरच्यांचे म्हणणे कुठे आले आहे का? आणि त्याच्या मुलाने हे पान वाचले, तर लेखकाला त्याच्यासमोर उभे राहता येईल का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर ते बाजूला ठेवावे आणि का ठेवले ते मुलांना सांगावे. मृतदेहाचे फोटो मोबाईलवर आले तर ते पुढे न पाठवता तिथेच पुसून टाकावेत.

मुले जक्कलची गोष्ट विचारतील, आणि विचारली तर टाळू नये. सांगताना सुरुवात मात्र दहा नावांनी करावी, आणि त्यात सकूबाई वाघ हे नाव राहून जाऊ देऊ नये.