चेहऱ्याविना कुटुंबाचा फोटो

गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावावा, त्याला हार घालावा, ही घराघरांतील रीत. पण ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही, त्यांचे स्मरण कसे करावे? अमेरिकेतील छायाचित्रकार व शिक्षिका एलन केरी यांच्या कामाची माहिती घेताना हा प्रश्न आमच्या मनात आला. म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केरी यांचा जन्म १९५२ चा. हार्टफर्ड विद्यापीठाच्या कलाशाळेत त्यांनी अनेक वर्षे छायाचित्रण शिकविले. १९८३ मध्ये त्या पोलरॉइड कंपनीच्या महाकाय कॅमेऱ्यावर काम करू लागल्या. शंभर किलोहून जड असा हा कॅमेरा २० बाय २४ इंचांचा फोटो जागच्या जागी देई. आरंभी त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याचे फोटो काढून त्यांवर भौमितिक आकृत्या उमटविल्या.

या पद्धतीत निगेटिव्ह व फोटोचा कागद दोन रुळांमधून एकत्र बाहेर येतात आणि त्यांच्यामध्ये रसायन पसरते. दीडेक मिनिटाने दोन्ही सोलून वेगळे केले की फोटो तयार. निगेटिव्ह मात्र टाकून दिले जाते. १९९६ साली केरी यांनी नेहमीच्या मापावर न थांबता कागद पुढे ओढत नेला. रंग लांबट कमानीसारखा खाली उतरला. या कृतींना त्यांनी ‘पुल’, म्हणजे ‘ओढणे’, असे नाव दिले. टाकाऊ समजले जाणारे निगेटिव्हही त्यांनी जपले व प्रदर्शनात मांडले.

घरातील जवळची माणसे गेल्यावर त्यांनी ‘फॅमिली पोर्ट्रेट’ केले. कुटुंबाचे चित्र, पण त्यात एकही चेहरा नाही. नुसते कोरे कागद. २००० साली हार्टफर्डमध्ये त्यांनी शंभर करड्या निगेटिव्हांची ‘मोर्निंग वॉल’, म्हणजे शोकाची भिंत, उभी केली.

२००१ साली पोलरॉइड दिवाळखोरीत गेली आणि २००८ मध्ये तिने ही फिल्म बंद करण्याचे जाहीर केले. केरी मात्र थांबल्या नाहीत. अंधारखोलीत कॅमेऱ्याविना, कागदावर थेट प्रकाश पाडूनही त्यांनी रंगचित्रे केली.

आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचा एकही फोटो नाही. स्टुडिओची पायरी चढणे त्यांना परवडत नव्हते. म्हणून त्यांची जागा भिंतीवरून पुसली जाऊ नये. वाचक बंधू-भगिनींनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांचे नाव, गाव व काम वहीत लिहून ठेवावे. फ्रेम कोरी राहिली तरी चालेल, खाली नाव हवे.