प्रकाश आणि पदार्थ : प्रकाशाला वळण देणारे धातुकण

प्रकाशतरंग एखाद्या सूक्ष्म कणावर पडला की कणातील इलेक्ट्रॉन त्याच्या लयीत हेलकावू लागतात आणि हेलकावता हेलकावता स्वतःच चहूकडे प्रकाश फेकतात. या क्रियेस प्रकीर्णन म्हणतात. हवेच्या रेणूंत इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असल्याने प्रकीर्णन क्षीण असते. सोने व चांदी या धातूंत मात्र पुष्कळ इलेक्ट्रॉन मोकळे असतात, आणि धातूचा कण काही दशक नॅनोमीटरचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बराच लहान असेल, तर ते सगळे एकदमच एका बाजूस सरकतात व मागे उरलेल्या धनभाराच्या ओढीने परततात. या सामूहिक आंदोलनाची वारंवारता येणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेशी जुळली की अनुस्पंदन घडते, आणि कण आपल्या छेदाहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावरचा प्रकाश ओढून घेतो.

ओढलेला प्रकाश उष्णतेत जिरणार की बाहेर फेकला जाणार, हे मुख्यतः आकारमानावर ठरते. तरंगलांबीहून खूप लहान असलेल्या कणात शोषण त्रिज्येच्या तिसऱ्या घाताने वाढते, तर प्रकीर्णन सहाव्या घाताने. त्रिज्या दुप्पट केली की शोषण आठपट होते आणि प्रकीर्णन चौसष्टपट. म्हणूनच २० नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण पाण्यात ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात व द्रव माणकासारखा लाल दिसतो. असेच द्रव तयार करून मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातील रोमन लायकर्गस चषकाच्या काचेत चांदी-सोन्याच्या मिश्रधातूचे कण याहून मोठे, सुमारे ५० ते १०० नॅनोमीटरचे, असल्याने तो बाहेरून पडलेल्या प्रकाशात हिरवा आणि आरपार येणाऱ्या प्रकाशात लाल दिसतो. गोल कणांचे पूर्ण गणित १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी यांनी दिले. कण गोल न ठेवता लांबट केला, तर लांबीच्या दिशेचे अनुस्पंदन तांबड्याकडे सरकते. रुंदीच्या चौपट लांबीच्या सोन्याच्या कांडीत ते सुमारे ८०० नॅनोमीटरवर, अवरक्तात जाते.

येथवर नियंत्रण होते ते रंगावर. खरे नियंत्रण दिशेवरचे, आणि त्याचा सर्वांत लक्षणीय पुरावा हार्वर्ड विद्यापीठातील फेडेरिको कपासो यांच्या गटाने २०११ मध्ये दिला. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीहून जलद ढकलत राहिले तर झोके ढकलण्याच्या मागे पडतात. तसेच अधिक लांब कांडीतील इलेक्ट्रॉन येणाऱ्या तरंगाच्या मागे पडतात आणि त्यांनी फेकलेल्या प्रकाशाची कला, म्हणजे आंदोलनाचा टप्पा, तेवढीच मागे राहते. मात्र एकट्या सरळ कांडीने हे मागे पडणे अर्ध्या आवर्तनापलीकडे नेता येत नाही. म्हणून त्या गटाने सिलिकॉनवर सुमारे एक मायक्रोमीटर लांबीच्या भुजांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे सोन्याचे अँटेना कोरले. अशा आकारात इलेक्ट्रॉनांना आंदोलनाचे दोन निराळे प्रकार मिळतात, आणि भुजांची लांबी व मधला कोन बदललेले चार अँटेना, तसेच त्यांचीच ९० अंशांत वळवलेली चार रूपे, मिळून आठ पायऱ्यांत कलेचे संपूर्ण आवर्तन भरून काढतात.

आठांचा हा संच एकापुढे एक मांडला की प्रकीर्ण तरंग जणू तिरप्या रेषेत उगम पावतात आणि आखून दिलेल्या दिशेनेच एकमेकांना बळ देतात. ८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सिलिकॉनमधून सरळ, लंबदिशेने आला आणि संचाची लांबी १५ मायक्रोमीटर असली, तर हवेत निघणाऱ्या या तरंगाच्या कोनाची ज्या ८/१५ येते, म्हणजे कोन सुमारे ३२ अंशांचा. शाळेत शिकवला जाणारा अपवर्तनाचा नियम येथे मोडत नाही. पृष्ठभागाने स्वतःहून घातलेल्या कलेची एक नवी संज्ञा त्यात मिळवावी लागते, आणि ही मिळवणी या विषयातील फार मोलाची गोष्ट आहे.

तरीही वळणारा प्रकाश एकूण प्रकाशाचा लहानसाच भाग होता, कारण मूळ प्रकाशाच्या ध्रुवणदिशेला काटकोनात असणारा घटकच वळत होता. शिवाय दृश्य प्रकाशात सोने बरीच ऊर्जा उष्णतेत घालवते. त्यामुळे याच गटाने २०१६ मध्ये दृश्य प्रकाशासाठी सपाट भिंग बनवले, तेव्हा धातू सोडून टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म खांब वापरले.