शिक्षणासाठी आप्तांची वर्गणी

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी मागावयास कोणास संकोच वाटत नाही. परंतु आपल्या मुलाच्या फीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठावताना भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते. आता तर दार ठोठावण्याचेही कारण उरलेले नाही. मुलाचे छायाचित्र, प्रवेशपत्र आणि हव्या असलेल्या रकमेचा आकडा मोबाइलवर टाकला, की तो मजकूर क्षणात शंभर घरी जातो. ही मोठीच सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिची खरी किंमत पैशात मोजता येत नाही, म्हणून ती कोणी हिशेबात धरीत नाही. आज तिचाच विचार करावयाचा आहे.

शिक्षणासाठी समाजापुढे हात पसरणे महाराष्ट्राला नवे नव्हे. माधुकरी मागून वा वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पुण्यात शिकून गेल्या. सात वारांना सात घरे. एकावर भार पडत नसे. अन्न केव्हाच पचले. वाढणाऱ्याची नजर मात्र पुष्कळांना म्हातारपणीही आठवत राहिली.

याउलट १९१३ सालचे उदाहरण घ्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती ३ वर्षांकरिता दिली. परतल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. ती नोकरी टिकली नाही याचे कारण वेगळे. १९१७ साली बडोद्यात त्यांना राहावयास जागाही कोणी देईना. पण अट कडक असली तरी कागदावर होती. काय देणे आहे, हे उभय पक्षांस ठाऊक होते.

आप्तांच्या मदतीत नेमके हेच ठाऊक नसते. काका दहा हजार देतात आणि "परत नको हो" असे मनापासून म्हणतात. पुढे मुलाने विषय बदलला, की काकांना विचारले होते काय, असा प्रश्न निघतो. सहलीचे एखादे छायाचित्र दिसले, की कोणीतरी आपल्या पैशांची आठवण काढतो. आणि मुलगा नापास झाला, तर खुलासा शंभर घरी करावा लागतो! त्यातच देणाऱ्यांची नावे आणि रकमा सर्वांना दिसत असतात. साहजिकच न देणाराही दिसतो. त्याच्या घरी त्याच महिन्यात आजारपण निघाले असेल, हे यादी सांगत नाही.

कोणी म्हणेल, लग्नातला आहेरही वहीत लिहितातच की! खरे आहे. पण आहेर फिरतो. आज घेतलेला उद्या त्यांच्या घरच्या कार्यात परत जातो. भिशीतही प्रत्येकाची पाळी येते. शिक्षणाच्या वर्गणीला परतीची अशी वाट नाही. शिवाय ज्याचे गणगोत सुखवस्तू, त्याची झोळी लवकर भरते. ज्याचे सारेच आप्त रोजंदारीवर, त्याने कोणाला लिहावे?

कायद्याचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आईवडील, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी यांच्या देणगीवर प्राप्तिकर नाही. परंतु मित्र आणि चुलत-मावस भावंडे कायद्याच्या लेखी 'नातेवाईक' नव्हेत. अशांकडून वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांवर गेली, तर ती सगळीच उत्पन्नात धरली जाते. कर्ज असेल तर ते उत्पन्न नव्हे. पण मग तसे लिहून ठेवावे. आपल्याकडे नात्यात कागद करणे म्हणजे अविश्वास समजतात. आमच्या मते कागदाने नाते सांभाळले जाते.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यास तारण वा जामीन लागत नाही. बँक व्याज घेते हे खरे, पण ती लग्नकार्यात भेटत नाही. आधी तिकडे जावे, उरलेली तूट मोजावी, आणि मग चार माणसांकडे एकेकट्याने, नाही म्हणावयास वाव ठेवून शब्द टाकावा.

आमच्या परिचयातील एका घरी थोरल्या मुलासाठी अशी वर्गणी झाली. सर्वांनी सढळ हाताने दिले. मुलगा शिकून मार्गी लागला. दोन वर्षांनी धाकट्या मुलीला परगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा पुन्हा त्याच माणसांपुढे जाण्याचे वडिलांना धैर्य झाले नाही. आम्ही विचारले, तर म्हणाले, "एकदा मागून झाले हो." मुलीने गावातच नाव घातले.