लिंबोणीचा निळा पायजमा

बालाघाटचा पाऊस कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. धानाच्या बांध्या तुडुंब, अंगणात चिखलच चिखल. अशा दिवसांत सांदवाडीतल्या एखाद्या लिंबोणीचं खोड जमिनीपासून हात-दोन हात निळं रंगवलेलं दिसलं, तर समजा त्या घरात कोणीतरी जाणतं माणूस आहे. झाडाला चक्क निळा पायजमा!

हा शोभेचा रंग नाही बरं. ओल्या मातीत फायटोफ्थोरा नावाचा एक जीव राहतो. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण त्याचं जवळचं नातं आहे समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी. आणि त्याचे बीजाणू चक्क पोहतात! प्रत्येकाला दोन-दोन शेपट्या. बुडाशी पाणी साचलं की निघाली स्वारी. पावसाचे थेंब मातीवर आदळले की चिखलासोबत ते खोडावर उडतात, सालीत एखादी चीर सापडली की आत घुसतात. मग साल तडकते, डिंक पाझरतो. या रोगाचं नावच डिंक्या.

चिरा पडतात कशाने? बकरी साल कुरतडते, निंदताना विळा लागतो. शिवाय खोडावर स्वतःचं नाव कोरणारे वीर आहेतच. (त्यांच्यासाठी बातमी: झाड वाढतं ते शेंड्याकडून. तुमचं नाव वर जाणार नाही, जिथे कोरलं तिथेच राहील. पोटात कुज घेऊन.)

तुमचा गुडघा फुटला तर खपलीखाली नवी कातडी येते. झाडाला हे जमत नाही. दुखावलेलं लाकूड ते पुन्हा नवं करूच शकत नाही. मग काय करतं? जखम कोंडून टाकतं! अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी करवतीने हजारो झाडं चिरून हे पाहिलं आणि १९७७ मध्ये सविस्तर मांडलं. जखमेच्या वर-खाली, आतल्या बाजूला आणि दोन्ही कडांना झाड अडसर घालतं. सगळ्यांत पक्की भिंत मात्र जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या सीमेवर असते. जुनी जखम आतच राहते, वरून नवं लाकूड चढत जातं.

म्हणून फांदी कापायचीही रीत आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. तिथूनच जखम झाकायला सुरुवात होते, तेव्हा कडं कापायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. फांदी जड असेल तर थोडं पुढे आधी खालून छेद द्यायचा, नाहीतर ती कोसळताना खोडाची साल सोलून नेते. कापल्यावर डांबर फासायची जुनी सवय आहे, पण त्याने आतली कुज थांबत नाही, हेही शिगोंनी दाखवून दिलं.

मग हा निळा लेप कशाला? तो जखम भरायला नाहीच. त्यातलं तांबं बीजाणूंना आत शिरण्याआधीच मारतं. त्याचं नाव बोर्डो पेस्ट, आणि त्याच्या शोधाचं श्रेय थोडं चोरांना द्यायला हवं! फ्रान्समधल्या बोर्डोजवळचे शेतकरी वाटेकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. निळी-पांढरी द्राक्षं कोण तोडणार? १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहिलं, की बाकीच्या वेली रोगाने झडल्या, चोरांसाठी रंगवलेल्या मात्र हिरव्यागार! १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला.

पेस्टला लागतं एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. मोरचूद विषारी आहे आणि कळीचा चुना पाण्यात पडताच उकळू लागतो, म्हणून हे काम बाबांचं किंवा आबाजींचं. तुम्ही लांबून बघा. बादल्या प्लॅस्टिकच्याच हव्यात, कारण मोरचूद लोखंड खातं.

मिश्रण झालं की आबाजींना त्यात लोखंडी सुरीचं पातं जरा वेळ बुडवायला सांगा. चुना कमी पडला असेल तर लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी पात्यावर तांबं येऊन बसतं. होय, आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीतून निघतं ते तांबं! पातं तांबडं झालं तर आणखी चुना घालायचा, सुरी घासून पुसायची आणि पुन्हा बुडवायची.