मातृभूमी, भाषा आणि सीमा : वेल्स ते रायपूर

एखाद्या समाजाची मातृभूमी कशावरून ठरते? जमिनीवरून, राज्यसत्तेवरून की भाषेवरून? या टिपणात आपण दोन उदाहरणे पाहू.

१. वेल्स
ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स ही वेल्श लोकांची मातृभूमी. ‘वेल्स’ हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे. त्याच्या मुळाशी ‘परके’ असा अर्थ आहे. वेल्श लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे ‘एकाच देशातले लोक’. १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आले, म्हणून भाषेला प्रार्थनेत आधार मिळाला. तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्केच होते. जमीन राहिली, भाषा आक्रसली. याउलट, १८६५ साली सुमारे १५० वेल्श लोक अर्जेंटिनातील चुबुत खोऱ्यात जाऊन वसले. तेथे वेल्श आजही बोलली जाते.

२. रायपूर
१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूर जिंकले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहू लागले. पुढे सुभेदार आले आणि त्यांच्याबरोबर मराठी कुटुंबेही. १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रायपूरला हलवले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पण १८६१ च्या मध्य प्रांतात नागपूर आणि रायपूर एकत्रच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात. रायपूरच्या मराठी माणसाने घर सोडले नव्हते. प्रांताची सीमा मात्र हलली.

३. निष्कर्ष
वेल्समध्ये वेल्शला आज शाळा, दूरदर्शन वाहिनी आणि कायद्याचा आधार आहे. रायपूरच्या मराठीला मुख्य आधार घराचा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्याने मुलांना मराठी वाचायला शिकणे सोपे जाते. पण त्याच सोयीमुळे ‘हिंदी येते ना, मग पुरे’ असेही म्हटले जाते. सत्ता जाते तेव्हा तारीख नोंदली जाते. घरातली भाषा जाते तेव्हा तशी नोंद होत नाही.

स्वाध्याय : तुमच्या घरी तीन पिढ्यांत कोणकोणत्या भाषा बोलल्या गेल्या, याचा तक्ता करा. बदल कोणत्या पिढीत झाला आणि का, ते लिहा.