उरलेला रंग गॅरेजला

बंगल्याचं रंगकाम संपत आलं की पेंटर तळाशी उरलेले डबे गोळा करतो आणि विचारतो, "साहेब, हे गॅरेजला मारून टाकू?" आपण मान डोलावतो. दिवाणखान्यातला मॅट, मुलांच्या खोलीतला फिकट निळा, सगळं त्या भिंतींच्या वाट्याला येतं. गॅरेजला इतकं सावत्र वागवायचं कारण नाही. एशियन पेंट्स ही कंपनीच मुळी १९४२ साली चार मित्रांनी मुंबईतल्या एका गॅरेजात सुरू केली होती. पण ते असो. गॅरेजला कुठली छटा शोभेल, यावर डोकं शिणवायची गरज नाही. चकाकी किती हवी, ते मात्र आधी ठरवावं.

चकाकी येते कुठून? रंगाच्या डब्यात रंगद्रव्य आणि खडूसारखी भर असते, त्यांना धरून ठेवणारं रेझिन असतं आणि सगळं पातळ ठेवायला पाणी किंवा टर्पेंटाइन. रेझिन भरपूर असेल तर कण त्यात बुडतात, थर गुळगुळीत वाळतो आणि भिंत चमकते. भर जास्त आणि रेझिन कमी असेल तर कण वर डोकं काढतात, प्रकाश विखुरतो, भिंत मॅट दिसते. दिवाणखान्यात हे छानच दिसतं. गॅरेजात मात्र त्या कणांमधल्या फटींत धूर, ग्रीसचे हात, टायरवरून उडालेला चिखल जाऊन बसतो. ओलं फडकं फिरवलं की डाग निघत नाही, पसरतो. स्वस्तातलं डिस्टेंपर असेल तर ते स्वतःच फडक्यावर येतं.

मग सरळ चकचकीत ऑइल पेंट का मारू नये? बरेच जण मारतात, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे गोळा करतात. गॅरेजच्या भिंती बहुधा जमिनीतली ओल वर ओढतात, शिवाय पावसात भिजलेली गाडी तासन्‌तास आत निथळत असते. मॅट थरातून ही वाफ निदान बाहेर पडू शकते. चकाकी वाढत जाते तसा थर बंदिस्त होत जातो. कोंडलेली ओल त्याला मागून ढकलते, क्षार वर येऊन लोणा लागतो आणि रंग फुग्यासारखा सुटतो. नव्या सिमेंटवर तर ऑइल पेंटचं आणखी एक दुखणं असतं. ताजं प्लास्टर तीव्र अल्कलीयुक्त असतं आणि अल्कलीला तेल भेटलं की साबण होतो. तोच प्रकार भिंतीवर घडतो. रंग चिकट राहतो, मग सोलून येतो. म्हणून प्लास्टर किमान २८ दिवस मुरू द्यावं आणि अल्कली सोसणारा प्रायमर आधी लावावा.

ओल कुठून येते, हे घरच्या घरी कळतं. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूनं थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. अशा वेळी रंगाचं दुकान नव्हे, गवंडी गाठावा. बाहेरच्या बाजूनं दमटपणा असेल तर दोष हवेचा. तिथं शटरच्या वर जाळी किंवा एक एक्झॉस्ट पंखा पुरतो.

भिंत कोरडी निघाली तर माझं मत सरळ आहे. खालचे चार फूट सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस इमल्शन, वर साधं धुता येणारं मॅट. गाडीचं दार, सायकलचं हँडल, चिखल, सगळ्यांची मजल बहुतेक चार फुटांपर्यंतच. हिशेब करून पाहा. १० बाय १८ फुटांच्या, ९ फूट उंच गॅरेजात ८ बाय ७ चं शटर वगळता भिंती भरतात साधारण ४५० चौरस फूट. त्यातला खालचा पट्टा जेमतेम १९०. म्हणजे महागडा रंग निम्म्याहून कमी जागेला लागतो. पट्टा थोडा गडद राखी ठेवला तर बरं, पांढऱ्यावर प्रत्येक बोट उठून दिसतं. आणि घासकामात कसूर नको. चकाकी प्लास्टरमधल्या प्रत्येक उंचवट्याची चुगली करते.

छताचं फार बोलण्यासारखं नाही. पांढरा मॅट. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ त्यात लपतात, आणि बॉनेट उघडून वाकलं असता ट्यूबची तिरीप छतावरून डोळ्यांत येत नाही. कोकणात बुरशीरोधक प्रकार घ्यावा.

जुना ऑइल पेंट खरवडायचा असेल तर मात्र जपून. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते किती असेल सांगता येत नाही. कोरडं घासू नये, पाणी मारून घासावं, आणि मुलांना तेवढा वेळ लांब ठेवावं.

राहता राहिला मुहूर्त. दिवाळीच्या तोंडावर रंग काढायची आपली रीत घराला ठीक आहे. गॅरेजच्या भिंती तेव्हा नुकता पावसाळा पिऊन बसलेल्या असतात. त्यांचं काम मार्च-एप्रिलवर ढकला, आणि उरलेले डबे तोवर झाकण घट्ट लावून ठेवा. दिवाणखान्यातल्या भिंतीला टवका उडाला तर त्यांचा उपयोग तिथंच होईल.