नाडी फार एकसारखी चालत असेल तर?



"शुगर आहे, पण त्रास काही नाही हो!" मंडळाच्या जेवणात श्रीखंडाची वाटी उचलताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. मधुमेहाने पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तशीच इजा हृदयाच्या नसांनाही होते आणि ती बराच काळ कळतही नाही.

निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे एकसारखे नसतात. श्वास घेताना ते किंचित भराभर पडतात, सोडताना मंदावतात. काही नसा हृदयाचा वेग वाढवतात, तर व्हेगस नावाची नस लगाम खेचते. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या नसा खराब होतात आणि बहुधा पहिली झळ व्हेगसला लागते. मग बसल्या जागी नाडी जलद चालते, कधी मिनिटाला १०० च्या वर. श्वासाबरोबरचा चढउतारही कमी होत जातो. लंडनच्या व्हीलर आणि वॉटकिन्स या डॉक्टरांनी १९७३ साली मधुमेहींमध्ये हीच गोष्ट दाखवून दिली होती.

तपासणी साधी आहे. ई.सी.जी. चालू ठेवून मिनिटाला सहा, असे खोल श्वास घ्यायचे. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद वेगात १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक असला तर ठीक. १० पेक्षा कमी असला तर शंका घ्यावी. वयानुसार हा फरक कमी होतो, म्हणून अर्थ डॉक्टरांनीच लावावा. दुसरी तपासणी रक्तदाबाची, आधी झोपून आणि मग उभं राहून. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तर तोही इशाराच. आरतीला पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ना? ते डॉक्टरांना जरूर सांगा.

खरा धोका पुढेच आहे. वेदनेचा निरोप पोचवणाऱ्या नसाच बिघडल्या, तर हार्ट अटॅक येऊनही छातीत दुखत नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही या त्रासाची कल्पना द्या.

गेलेली नस परत मिळवणं कठीण, पण उरलेली जपता येते. डेन्मार्कच्या 'स्टेनो-२' अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे १६० रुग्ण होते. ज्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर एकत्रित, कसून उपचार झाले, त्यांच्यात ही हानी कमी झाल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालं.

तेव्हा पुढच्या भेटीत पायांबरोबर हृदयाच्या नसांबद्दलही विचारा. "त्रास नाही" म्हणजे "आजार नाही" असं नव्हे, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.